पाय पेडलवरून का सटकतो? स्पोर्ट्स कारच्या क्लच आणि ब्रेकची पकड सुधारताना

क्लच पूर्ण दाबलेला असताना पाय सटकला, तर पेडल झटक्यासरशी मागे येते. गाडी गिअरमध्ये असेल तर ती पुढे उसळते किंवा बंद पडते आणि गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंतच्या सगळ्या भागांना एक अनावश्यक हिसका बसतो. ब्रेकवरून पाय सटकणे याहून गंभीर असते, कारण तो एक तर खाली घसरतो आणि ब्रेक सुटतो, किंवा उजवीकडे सरकून थेट अ‍ॅक्सिलरेटरवर जातो. कोणत्याही गाडीत हे होऊ शकते, पण स्पोर्ट्स कारमध्ये त्याची शक्यता वाढते. तिथे क्लचची पकड जोरदार असल्याने पेडल जड असते, दिसायला देखणी म्हणून पेडलवर उघडी धातूची पट्टी असते, चालक जमिनीलगत पाय पसरून बसतो, आणि ब्रेक दाबता दाबता त्याच पायाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटरला टोला देण्याची रीतही याच गाड्यांमध्ये चालते. क्लच प्लेट झिजल्यामुळे इंजिन गुरगुरते पण गाडी वेग घेत नाही, हा दोष वेगळा आहे; या लेखाचा विषय पाय आणि पेडल यांच्यामधल्या पकडीपुरता मर्यादित आहे.

पेडल निसरडे वाटले की बहुतेक जण खरखरीत टेप आणून चिकटवतात. कधी ते पुरते, पण अनेकदा खरे कारण टेपखाली झाकले जाते. म्हणून पाय नेमका केव्हा सटकतो, हे आधी समजून घेणे फायद्याचे ठरते.

पेडलच्या पृष्ठभागावर पायाचा जोर अगदी काटकोनात पडत असेल, तर पेडल कितीही गुळगुळीत असले तरी पाय जागचा हलत नाही. जोराची दिशा काटकोनापासून जितकी कलते, तितका त्या जोराचा एक भाग पृष्ठभागालगत, म्हणजे पायाला सरकवण्याच्या दिशेने काम करू लागतो. किती कलापर्यंत पाय टिकेल, हे बूट आणि पेडल यांच्यातील घर्षणगुणांकावर, म्हणजे दोन पृष्ठभागांची एकमेकांवर किती पकड आहे हे सांगणाऱ्या आकड्यावर ठरते. हा गुणांक 0.6 असेल तर सुमारे 31 अंशांपर्यंतचा कल चालतो, 0.3 असेल तर मर्यादा 17 अंशांवर येते, आणि पाण्याच्या किंवा तेलाच्या थरामुळे तो 0.15 इतका खाली गेला, तर साडेआठ अंशांनाच पाय निसटतो. या हिशेबात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. पाय किती जोराने दाबला, याचा या मर्यादेशी संबंध नाही, कारण जोर वाढवला की घर्षण वाढते आणि सरकवणारा भागही त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे ‘घसरतोय म्हणून आणखी जोरात दाबा’ हा उपाय निरुपयोगी आहे. उपाय दोनच उरतात: पृष्ठभागाचा घर्षणगुणांक वाढवणे, किंवा जोराची दिशा काटकोनाच्या जवळ आणणे.

क्लच आणि ब्रेक यांच्यातला फरकही यातूनच उलगडतो. समजा, क्लच पेडलचा दांडा बिजागरीपासून पॅडपर्यंत, म्हणजे पाय टेकतो त्या भागापर्यंत, 300 मिलिमीटर लांब आहे आणि पेडल 140 मिलिमीटर आत जाते. तेवढ्या प्रवासात पॅडचा चेहरा सुमारे 27 अंशांनी फिरतो. घोटा वाकवून पाय त्याच्याबरोबर थोडा फिरतो, तरी पूर्ण भरपाई होत नाही. वरून लटकणाऱ्या पेडलमध्ये दाबताना पॅडचा चेहरा हळूहळू खालच्या बाजूला वळतो, म्हणून प्रवासाच्या शेवटी पाय खाली घसरू पाहतो. जुन्या पोर्शे 911 सारख्या गाड्यांमध्ये पेडलची बिजागरी जमिनीवर असे. तिथे पॅड पायासारखेच वर तोंड करत खाली झुकते, पण टाच आणि बिजागरी एका ठिकाणी नसल्याने चवडा पॅडवर थोडा तरी सरकतोच. मुद्दा असा की क्लचवर पायाची थोडी हालचाल ही रचनेतच गृहीत आहे. ती पूर्णपणे थांबवली, तर बूट पॅडवर अडकतो, घोट्याला पीळ पडतो आणि क्लच हळुवार सोडणे कठीण होऊन बसते.

ब्रेकचा प्रवास त्या मानाने कमी, म्हणून कोनही कमी फिरतो. तिथला प्रश्न जोराचा आणि ओलाव्याचा आहे. प्रवासी गाड्यांच्या ब्रेकसाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक 13-एच मध्ये चाचणीच्या वेळी पेडलवरचा जोर 65 ते 500 न्यूटन या मर्यादेत धरला आहे. 500 न्यूटन म्हणजे अंदाजे 51 किलो वजनाइतका भार. अचानक थांबण्याची वेळ येते तेव्हा माणूस पाय नीट ठेवून, कोन पाहून दाबत नाही. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून तिरका येतो आणि पॅडच्या उजव्या कडेवर कसाबसा टेकतो. त्या क्षणी पॅडची कड गुळगुळीत असेल, तर मधल्या भागाची चांगली पकड काही कामाची नसते.

ब्रेकला अग्रक्रम देण्यामागे नियमांचाही आधार आहे. युरोपीय संघाच्या 2014 सालच्या वाहन तपासणीविषयक निर्देशात ब्रेक पेडलवरील घसरणरोधक भाग नसणे, सैल असणे किंवा झिजून गुळगुळीत होणे हा मोठा दोष मानला आहे, आणि त्यावर गाडी तपासणीत नापास होऊ शकते. माझे मतही तेच आहे: सर्वांत जास्त पकड ब्रेकला, त्याहून थोडी कमी क्लचला, आणि अ‍ॅक्सिलरेटरला आहे तेवढी पुरे. तिन्ही पेडलना एकसारखी खरखरीत टेप लावलेली गाडी छायाचित्रात छान दिसते, चालवताना मात्र अ‍ॅक्सिलरेटरवर पाय सहज सरकत नाही आणि वेगावरचे बारीक नियंत्रण जाते.

आता कारण शोधण्याकडे वळू. सर्वांत आधी हे ठरवायचे की पेडल ओले होते ते बाहेरून, म्हणजे बुटांबरोबर आलेल्या पाण्यामुळे, की आतून. कोरड्या हवेत, कोरड्या बुटांनी गाडी चालवूनही पॅडवर ओलसर, बुळबुळीत थर येत असेल, तर काहीतरी गळत आहे असे समजावे. क्लच हायड्रॉलिक, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा असेल, तर पेडलच्या दांड्यापासून निघालेली सळई (पुशरॉड) तो दाब तयार करणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये जाते. त्या सिलिंडरमधले रबरी सील झिजले, की ब्रेक ऑइल पुशरॉडवरून ओघळत पेडलच्या दांड्यावर आणि तिथून पॅडवर उतरते. डॅशबोर्डखाली डोके घालून, पुशरॉडवरच्या रबरी टोपणाभोवती पांढरा कागदी रुमाल फिरवून पाहिला की उत्तर मिळते. ब्रेक मास्टर सिलिंडर बहुतेक गाड्यांमध्ये सर्वोच्या, म्हणजे ब्रेकवरचा पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाच्या पलीकडे असल्याने त्याची गळती पेडलपर्यंत पोहोचत नाही, पण ज्या गाड्यांमध्ये सर्वोच नाही तिथे तीही याच मार्गाने आत येऊ शकते.

अशी गळती सापडली, तर पकडीचा विषय तिथेच थांबवावा. टाकीतली पातळी उतरली आहे का, क्लच पेडल दाबून धरल्यावर हळूहळू आत बसते का, गिअर टाकताना घासल्यासारखा आवाज येतो का, हे पाहावे आणि सिलिंडर बदलून घ्यावा. अनेक गाड्यांमध्ये क्लच आणि ब्रेक यांची तेलाची टाकी एकच असते; क्लचची नळी टाकीत वरच्या पातळीवर जोडलेली असते, जेणेकरून क्लचची गळती झाली तरी ब्रेकसाठी तेल शिल्लक राहावे. ही सोय संकटकाळापुरती आहे. तिच्या भरवशावर गाडी वापरत राहू नये. नेहमीच्या वापरातले डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 प्रकारांचे ब्रेक ऑइल ग्लायकॉल वर्गातले असते. ते रंग उखडते, पण पाण्यात विरघळते. त्यामुळे पेडल आणि दांडा पाण्याने भिजवलेल्या फडक्याने अनेकदा पुसले, की थर निघून जातो. खालचा गालिचाही धुवावा लागतो, नाही तर बुटाला लागून तेल पुन्हा पॅडवर येते.

आतून येणाऱ्या ओलाव्याची आणखी तीन कारणे आहेत. हीटरचा छोटा रेडिएटर फुटला तर कूलंट पायापाशी ठिबकते. त्याला गोडसर वास असतो आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुके धरते. एअर कंडिशनरची पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली, तर स्वच्छ पाणी आत येते. उघडझाप करणाऱ्या छताच्या गाड्यांमध्ये छताचे रबर किंवा पाणी वाहून नेणाऱ्या वाटा तुंबल्या, तरी पावसाचे पाणी थेट पेडलपाशी जमा होते. या तिन्ही ठिकाणी पेडलला काहीही लावून उपयोग नाही.

गळती नसेल तर पुढचा संशय स्वच्छतेवरच घ्यावा लागतो, हे ऐकायला विचित्र वाटेल. गाडी चमकवण्यासाठी डॅशबोर्डला आणि टायरला लावायची बरीच द्रावणे सिलिकोनयुक्त असतात. कोणी हौसेने तीच पेडलच्या रबरावर फिरवली, की रबर काळेभोर आणि नव्यासारखे दिसते, पण त्यावर एक अतिशय निसरडा थर बसतो आणि तो पाण्याने जात नाही. गाडी नुकतीच कोणाकडून साफ करून घेतली आणि त्यानंतर पाय सटकू लागला असेल, तर कारण बहुधा हेच असते. उपाय सोपा आहे: भांडी घासायचा साबण आणि कोमट पाणी यांनी ब्रशने घासून धुवावे, कोरडे करावे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने दोनतीनदा पुसावे, प्रत्येक वेळी फडक्याची नवी बाजू वापरून. पेट्रोल किंवा थिनर वापरू नये. त्याने रबर फुगते आणि मऊ पडते.

स्वच्छ करूनही पकड येत नसेल, तर झीज पाहावी. साध्या पेडलवर पोलादी पट्टीवर ताणून बसवलेले रबरी पॅड असते. त्याच्या खोबण्या पाणी बाजूला सारण्यासाठी असतात. त्या बुजल्या की ओल्या बुटाखाली पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि रबर चांगले असूनही बूट पाण्याच्या थरावर तरंगल्यासारखा सरकतो. असे पॅड बदलण्याइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही. नवे पॅड गरम पाण्यात काही मिनिटे ठेवले की लवचिक होते. मग एक कड पट्टीवर अडकवून बाकीची कड बोथट हत्याराने ओढून बसवावी. बसवताना तेल, ग्रीस किंवा साबण लावण्याचा मोह टाळावा, कारण तो थर पॅडच्या मागे राहतो आणि पुढे संपूर्ण पॅडच पट्टीवर फिरू लागते. नुसते पाणी पुरते.

धातूच्या पेडलची गोष्ट थोडी फसवी आहे. बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या पट्टीतून रबराचे लहान उंचवटे वर आलेले असतात. खरी पकड त्या रबराची असते, धातू केवळ दिसण्यापुरता असतो. वर्षानुवर्षांच्या वापराने ते उंचवटे झिजून धातूच्या पातळीला येतात. पाहणाऱ्याला रबर दिसत राहते, म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते, पण बूट आता धातूवरच टेकत असतो. पेडलवर पोलादी मोजपट्टीची कड आडवी धरून पाहावे. ती रबरावर टेकून धातूपासून थोडी वर राहत असेल तर ठीक, पण थेट धातूला चिकटून बसत असेल, तर रबर संपले आहे.

काही गाड्यांमध्ये मुळातच रबर नसते. 1996 साली आलेली लोटस एलिज हे त्याचे ठळक उदाहरण. वजन वाचवण्याच्या ध्यासातून तिची चौकट साच्यातून दाबून काढलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या गोंदाने जोडून तयार केली होती, आणि पेडलही तशाच अ‍ॅल्युमिनियमचे, उघडेच होते. त्यातच पहिल्या पिढीच्या एलिजमध्ये ब्रेकला सर्वो नव्हता, म्हणजे पायाला जोर जास्त लावावा लागे. उघडा धातू, जड ब्रेक आणि कापडी छताखालची ओल हे तिन्ही एकत्र आले, की पाय सटकण्याची पुरेपूर तयारी होते. अशा पेडलला पॉलिश पेपरने ओरखडे काढून भागवण्याचा सल्ला दिला जातो. कोरड्यात त्याने थोडा फरक पडतो, पण बारीक ओरखडे पाण्याने भरून जातात आणि ओल्यात पेडल जवळजवळ पूर्वीइतकेच निसरडे राहते.

इथे मात्र खरखरीत टेप खरोखर उपयोगी आहे. जिन्यांच्या पायऱ्यांवर किंवा स्केटबोर्डवर लावतात त्या टेपमध्ये सिलिकॉन कार्बाइड किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे टोकदार कण असतात. हे कण पाण्याचा थर भेदून थेट बुटाच्या तळात रुततात, म्हणून ओल्यातही पकड टिकते. ब्रेकसाठी अशी टेप चांगली. क्लचसाठी मी तीच टेप सुचवणार नाही. वर सांगितल्याप्रमाणे तिथे पाय थोडा सरकावा लागतो, आणि टोकदार कण बुटाचा तळ किसून काढतात. क्लचला कणांऐवजी उठावदार रबरी पोत असलेली टेप किंवा अगदी बारीक कणांची टेप जास्त योग्य.

टेप लावण्याचे काम साधे आहे, पण घाईत बिघडते. सपाट धातूवर लावायची असेल तरच लावावी. रबरी पॅडवर तिचा गोंद टिकत नाही, कारण रबरातून हळूहळू बाहेर येणारी तेलकट द्रव्ये गोंदाला सोडवतात. वरून घट्ट दिसणारी टेप एके दिवशी पायाबरोबर सरकते, आणि ते निसरड्या पेडलपेक्षाही धोक्याचे असते. धातू अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावा. तुकडा पेडलच्या कडेपासून एकदोन मिलिमीटर आत राहील असा कापावा आणि त्याचे कोपरे गोल करावेत, कारण टेप उचकटायला सुरुवात नेहमी टोकदार कोपऱ्यापासून होते. पेडलला भोके असतील तर त्यांवरून टेप पसरू नये. भोकांच्या मधल्या जागेत अरुंद पट्ट्या लावाव्यात, म्हणजे पाणी निचरायची वाट मोकळी राहते. हवा थंड असेल तर पेडल हेअर ड्रायरने कोमट करून घ्यावे, टेप मधून कडेकडे दाबत न्यावी आणि एक पूर्ण दिवस गाडी न चालवता गोंदाला पकड धरू द्यावी.

बाजारात मिळणारी सजावटी आवरणे हा तिसरा मार्ग, आणि त्याबद्दल मी सावध आहे. मूळ पेडलवर नुसती क्लिपने अडकवायची किंवा रबरी पॅडवर चढवायची आवरणे ब्रेकवर वापरू नयेत, यात मला शंका नाही. पूर्ण जोर पडला की ती सरकतात किंवा फिरतात. भोके पाडून बोल्टने बसवायची आवरणे मजबूत असतात, पण ती बसवताना रबरी पॅड काढून धातूवर धातू बसला पाहिजे, बोल्टचे डोके पट्टीच्या आत बसणारे हवे, मागे रुंद वॉशर आणि न सुटणारे नट हवेत. पेडलची पट्टी पातळ असेल तर भोकांनी ती कमजोर होते, म्हणून दांड्याच्या वेल्डिंगजवळ भोक पाडू नये. काही दिवसांच्या वापरानंतर सगळे नट पुन्हा घट्ट तपासावेत.

आवरणांमुळे जाडी वाढते, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ब्रेकवर जाड आवरण चढवले आणि अ‍ॅक्सिलरेटरवर नाही, तर पाय एकावरून दुसऱ्यावर नेताना त्याला नेहमीपेक्षा जास्त उचलावे लागते आणि तो ब्रेकच्या कडेला अडखळतो. आवरण रुंद असेल तर ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांच्यातली फट कमी होते आणि एकाच बुटाने दोन्ही दाबले जाऊ शकतात. क्लचचे आवरण डाव्या पायाच्या विश्रांतीच्या पट्टीला घासता कामा नये. जमिनीवरच्या मॅटशीही हाच संबंध येतो. 2009 मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे 38 लाख गाड्यांच्या बाबतीत मॅट काढून ठेवण्याचा इशारा दिला होता, तो मॅटमध्ये अ‍ॅक्सिलरेटर अडकण्याच्या धोक्यामुळेच. काहीही बदलले की इंजिन बंद ठेवून प्रत्येक पेडल तळापर्यंत दाबून पाहावे आणि ते कशालाही न घासता आपोआप परत येते का हे हाताने तपासावे.

शर्यतीच्या गाड्यांमधून एक चांगली कल्पना घेता येते. तिथे ब्रेक पेडलच्या दोन्ही बाजूंना बुटाला आधार देणाऱ्या उभ्या कडा असतात. त्यामुळे पाय आडवा सरकण्याचा प्रश्न घर्षणावर सोडलेलाच नसतो. पण फॉर्म्युला वनच्या गाडीत क्लच हाताने चालतो आणि चालकाचा डावा पाय ब्रेकसाठी मोकळा असतो, म्हणून तिथे उंच कडा चालतात. रस्त्यावरच्या गाडीत उजवा पाय ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांच्यात सतत ये-जा करतो. तिथे उजव्या बाजूची कड बूट अडवेल. डाव्या बाजूला तीनचार मिलिमीटरची ठेंगणी कड असली तर मात्र फायदा होतो.

राहता राहिली जोराची दिशा, आणि तिच्यावर एक पैसाही खर्च होत नाही. सीट फार मागे असेल तर क्लच तळाला नेताना पाय पूर्ण ताणला जातो, घोटा सरळ होतो आणि जोर बोटांच्या टोकांवर, पॅडच्या खालच्या कडेवर येतो. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात किंचित वाक राहील इतकी सीट पुढे घ्यावी, आणि बोटांऐवजी चवडा पॅडच्या मध्यावर टेकेल असे बसावे. अनेकदा एवढ्यानेच क्लचची तक्रार मिटते. बुटांचा तळ पातळ, सपाट आणि मऊ रबराचा असावा. चामड्याचा किंवा कडक प्लॅस्टिकचा तळ ओल्या धातूवर कोणत्याही उपायाला दाद देत नाही. गाडीत बसण्यापूर्वी तळ मॅटवर पुसून घेतला, तर चिखल पॅडच्या खोबण्यांत जात नाही.

दुरुस्ती पूर्ण झाल्यावर तिची परीक्षा गाडी उभी असतानाच घ्यावी. हँडब्रेक ओढून, इंजिन सुरू ठेवून, बुटाचा तळ मुद्दाम ओला करून ब्रेक पूर्ण जोराने दाबावा. एकदा मध्यावर, एकदा उजव्या कडेवर, एकदा अ‍ॅक्सिलरेटरवरून घाईने पाय आणून. क्लच तळापर्यंत नेऊन अगदी सावकाश सोडावा आणि पाय कुठे अडखळतो का ते पाहावे. टेप लावली असेल तर बंद गाडी उन्हात तापल्यानंतर पुन्हा एकदा अंगठ्याने तिला आडवे ढकलून बघावे, कारण उष्णतेने गोंद मऊ पडतो आणि थंडीत घट्ट वाटलेली टेप तेव्हाच सरकू लागते. थोडीही सरकली तर ती पूर्ण काढावी, गोंदाचे अवशेष अल्कोहोलने पुसावेत आणि नवा तुकडा लावावा. सुटलेली कड गोंद घालून पुन्हा चिकटवू नये.